एक गियर पुढं, चार मागं

मिस्त्री बसलेला मी कधी पाहिला नाही. तळहातावर भाकरी, भाकरीवर ठेचा आणि गाडीभोवती फेऱ्या. एका फेरीला एक घास. चहा उभ्यानं, विडी चालताना. मुरुडच्या बाहेर रस्त्याला लागून त्याची पत्र्याची शेड होती. शेडमध्ये एक लाकडी खुर्चीही होती, पण तिच्यावर कायम बॅटरी बसलेली. पाहुणा आला आणि खुर्चीकडं बघायला लागला की मिस्त्री म्हणायचा, "कामाला आलाव का बसायला? बसायचं असंल तर समोर एसटीचा थांबा हाय. तिथं लोक दिवसभर बसूनच राहतेत."

आता तो तिथं नाही. किनवटकडं जंगलातल्या कुठल्याशा गावात लाकूड कापायचं एक जुनं इंजिन बंद पडून आहे, असं त्याला कुणी सांगितलं आणि हा शेडला कुलूप घालून बायकोसकट निघून गेला, असं ऐकतो. खरं असेल. बंद पडलेल्या यंत्राची बातमी त्याला झोपू द्यायची नाही.

मी आजवर जे लिहिलं ते कुणाच्या ना कुणाच्या विरुद्ध लिहिलं. एका माणसाबद्दल लिहायची ही पहिलीच खेप, तेव्हा जमेल तसं.

मी तेव्हा पत्रकं काढायचो. मथळा ठरलेला: 'जबाबदार कोण?' ठसठशीत अक्षरात, वर. खालचा मजकूर बदलायचा. कधी रोजगार हमीच्या हजेरीवर, कधी वसतिगृहातल्या आमटीवर, कधी स्मशानाच्या जागेवर. प्रश्न छापायच्या आधीच उत्तर मला माहीत असायचं. गठ्ठा सायकलला बांधून गावोगाव वाटायचो आणि उरलेला मिस्त्रीच्या शेडमध्ये टाकायचो. मिस्त्री अक्षरं जुळवत वाचायचा, एका ओळीला एक विडी. मला तो 'पुढारी' म्हणायचा. पोराटोरालाही तो अहो-जाहो करायचा, त्यामुळं ती कुचेष्टा आहे की आदर, हे कळायला मला वर्ष लागलं. कुचेष्टाच होती.

"पुढारी, कागद मातर चांगला वापरताव. तेल लई पितो."

"मिस्त्री, ते वाचायला दिलंय, पुसायला नाही!"

"वाचलं की. इंजिन पुसता पुसता वाचलं. जबाबदार कोण म्हणून इचारून राहिलाव. मला काय म्हाईत?"

त्याच्या शेडपुढं एक पिकअप उभी होती. निजामाच्या काळातली, अमेरिकन बनावटीची. गोल नाकाचं बॉनेट, बेडकाच्या डोळ्यांसारखे दिवे, मागं फळ्यांचा हौदा. रस्त्याच्या कामावरच्या कुण्या साहेबाची ती गाडी. लहानपणी मिस्त्री ती गाडी धुवायचा. रोज सकाळी आतून, बाहेरून, चाकांच्या आऱ्यांपर्यंत. पण केबिनमध्ये बसायचं नाही. पुसायला आत वाकायचं तेही गुडघे बाहेर ठेवून.

"धुवायला हात चालायचा," तो सांगायचा, "बसायला बूड न्हाई."

माझं रक्त तापलं. म्हटलं, मिस्त्री, हे पत्रकात घेतो, तुमच्या नावानिशी. तो चालता चालता थांबला, म्हणजे खरंच थांबला. "माझं बूड तुमच्या कागदावर नको, पुढारी," म्हणाला आणि पुन्हा चालायला लागला.

पुढं साहेब गेला, राज्य गेलं, गाडी या दारातून त्या दारात हिंडली आणि शेवटी एका लिंबाखाली सडत पडली. मिस्त्रीनं ती ओढून आणली. तिचं पेट्रोलचं इंजिन गेलेलं. त्याचे सुटे भाग मिळत नव्हते आणि मिळाले असते तरी पेट्रोल पाजणार कोण? म्हणून तिच्यात नव्या जमान्याचं डिझेल इंजिन बसवायचं त्यानं मनावर घेतलं. डिझेल खेडोपाडी मिळायचं. विहिरींवरच्या इंजिनांनी सगळ्यांना ते पाजायची सवय लावली होती.

इंजिन आणायला आम्ही दोघं नांदेडच्या भंगार बाजारात गेलो. एक नवाकोरा मालट्रक नायगावच्या रस्त्याला उलटला होता. त्याचं चार सिलिंडरचं इंजिन धडधाकट, चार पुढचे आणि एक मागचा अशा गियरांच्या पेटीसकट विकायला. मिस्त्रीनं ते जमिनीवरच चालू करायला लावलं. मग हातभर लांब स्क्रू ड्रायव्हर काढला, टोक इंजिनला लावलं, मूठ दातात धरली आणि डोळे मिटले. तो इंजिन कानानं नाही, दातानं ऐकायचा.

भंगारवाला म्हणाला, "चाचा, दात पडतील."

"पडले तर घेत न्हाई," मिस्त्री दात न उघडता म्हणाला. बऱ्याच वेळानं त्यानं डोळे उघडले. "तिसरं पिस्टन कुरकुर करून राहिलं. बाकीचे तिघं शहाणे हायत."

"मग नको का?" मी विचारलं.

"घ्यायचं. चारात एक कुरकुरणारा लागतोच. आपण न्हाई का तुम्हाला सांभाळून राहिलो?"

नवं इंजिन आलं ते उंच निघालं. बॉनेट चार बोटं वरच राहिलं. कुणीही सांगितलं असतं, बॉनेटला भोक पाडा. मिस्त्री ऐकेना. "हिचं नाक कापायचं न्हाई." मग इंजिन खाली घ्यायचं, म्हणून ते ज्यांवर बसतं त्या कानपट्ट्या नव्यानं करायच्या. मग मागं जाणारा शाफ्ट लांब पडतो, म्हणून तो कापायचा. एक फिरवलं की दुसरं फिरतं. मी आठवड्याला विचारायचो, "झालं का?" आणि ठरलेलं उत्तर यायचं, "होऊन राहिलं."

मापं तो कडब्याच्या धाटानं घ्यायचा. टेप होती, पण खिळ्याला टांगलेली. "टेप आकडा सांगती. धाट लांबी सांगतं," हे त्याचं म्हणणं. जितकी लांबी हवी तितकं ज्वारीचं धाट मोडायचं, वेल्डिंगवाल्याकडं न्यायचं, "एवढं काप" म्हणायचं. पण दुष्काळात कडबा दिसतो कुठं? आणि मावशींची, म्हणजे मिस्त्रीच्या बायकोची, एक पांढरी शेळी होती. दिवसभर मोकळी, काहीतरी हुंगत हिंडणारी. एका दुपारी तिनं शाफ्टचं माप खाऊन टाकलं. मिस्त्री पुढचे आठ दिवस येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता, "शेळीनं शाफ्ट खाल्ला." मावशी आतून ओरडायच्या, "तिला काय म्हाईत तुमचं इंजिनेरिंग! भुकेली हाय ती!"

आता पाण्याचं सांगतो.

त्या वर्षी जिल्हा नवा झाला होता. कचेरीच्या पाटीला रंगाचा वास होता. लोक बोलता बोलता जुन्या जिल्ह्याचं नाव घ्यायचे आणि जीभ चावायचे. आम्ही पोरं त्यावर खूष. कचेरी दारात आली होती. पाणी मात्र आलं नव्हतं. आमची वस्ती गावाबाहेर, चढावर. छप्पन साली सगळी वस्ती बुद्धाला शरण गेली, तरी विहिरीनं ते मनावर घेतलं नाही. टँकर यायचा तो गावच्या विहिरीत रिकामा व्हायचा. आमच्या बाया घागरी घेऊन विहिरीच्या काठापासून दहा हात लांब बसायच्या, कुणाला दया येऊन तो पोहरा ओतेपर्यंत. माझी आईही त्यांच्यात. जिल्हा नवा, दया जुनीच.

निवेदन घेऊन मी कचेरीत गेलो. तिथले एक साहेब सरळ बोलले. टँकर नाहीत म्हणाले, पण तुम्ही वाहन आणलंत तर सरकारी विहिरीवरून रोज एक खेप भरून देऊ. कधीपासून आणता?

सोबत आलेली वस्तीची वीस माणसं बघत होती. मी म्हणालो, "सोमवारपासून."

साहेबांनी चिठ्ठी लिहून दिली. सोमवारी दुपारी बाराच्या आत वाहन विहिरीवर हजर पाहिजे. एका दिवसाचा जरी खंड पडला तरी पाळी दुसऱ्या वस्तीला जाईल. रांगेत वस्त्या खूप होत्या.

मिस्त्रीची गाडी मी मिस्त्रीला न विचारता देऊन टाकली होती.

त्याला सांगितलं, तेव्हा तो गाडीभोवती तीन फेऱ्या चालला. बुधवार होता. "सोमवार लई जवळ हाय," एवढंच म्हणाला. मग चौथ्या फेरीला, "तुमची माय बी बसती काय तिथं?"

"हो."

"बरं," म्हणाला आणि गाडीखाली गेला.

चार दिवस मी त्याच्या डोक्यावर उभा होतो. सहा पिंपं आणली, धुतली, हौद्यात बांधली. शनिवारी सगळं सोडून तो पिंपांना एक नळी जोडून तिला कमरेच्या उंचीवर तोटी बसवायला लागला. मी चिडलो. म्हटलं, मिस्त्री, ही काय वेळ आहे का तोटीची? बादलीनं काढू पाणी!

"बादलीनं काढलं की वरून वतायला माणूस आला," तो म्हणाला. "तोटीला माणूस लागत न्हाई. ज्याचं त्यानं घ्यायचं."

इतक्या पत्रकांत मला ते सुचलं नव्हतं.

राहिलं एकच काम. मागच्या चाकांच्या आसाच्या पोटात एक मोठं दातेरी चाक असतं, त्याला क्राऊन म्हणतात. इंजिनाची फिरकी तेच चाकांना देतं. डिझेल इंजिन सावकाश फिरतं, म्हणून जुनं क्राऊन काढून दुसऱ्या गाडीचं बसवायचं होतं. मिस्त्रीनं रविवारी सकाळी ते घालून पाहिलं, बरोबर बसलं, पण एक बेरिंग खराब निघालं. ते आणायला तो लातूरला निघाला.

जाण्याआधी त्यानं नेहमीप्रमाणं सुटे भाग जमिनीवर मांडले. माझ्या पत्रकांवर. त्याची रीत अशी की पत्रकाचा मथळा इंजिनाच्या बाजूला करायचा आणि भाग गाडीत जसा बसतो तसाच त्यावर ठेवायचा. मोठी अक्षरं म्हणजे पुढं, बारीक अक्षरं म्हणजे मागं. "तुमचा कागद खोटं बोलत न्हाई," तो म्हणायचा, "निदान दिशेच्या बाबतीत." जाताना बजावून गेला, कशाला हात लावू नका.

मी लावला.

क्राऊनखालचं पत्रक तेलानं काळं झालं होतं. त्यात मथळा इंजिनाकडं, म्हणजे रस्त्याच्या बाजूला. रस्त्यावरनं जाणारी माणसं शेडपाशी थांबून गाडी बघत होती आणि माझा मथळा त्यांना उलटा दिसत होता. उद्या आमच्या वस्तीला पाणी येणार आणि आजच्या दिवशी माझं पत्रक असं लोळतंय? मी क्राऊन उचललं, काळा कागद काढला, नवा कोरा घातला, रस्त्यावरच्यांना वाचता येईल असा मथळा करून. क्राऊन जसं होतं तसं परत ठेवलं. चांगलं काम केल्यासारखं वाटलं.

मिस्त्री परतला तेव्हा उन्हं कलली होती. मी त्याच्या कानाशी घड्याळ धरल्यासारखा ओरडत होतो, आटपा, आटपा. त्यानं मथळ्याकडं पाहिलं, मथळा पुढं धरून क्राऊन उचललं आणि गाडीखाली सरकला. क्राऊनचं डावं अंग उजवीकडं गेलं. त्याला शंका आली असेलही. पण माझं तोंड बंद नव्हतं आणि छापलेला कागद त्याच्यासमोर होता.

सोमवारी सकाळी गाडी पहिल्या हिसक्यात सुरू झाली. तिसरं पिस्टन कुरकुरलं, मावशींनी हात जोडले, मी हौद्यात चढलो. मिस्त्रीनं पहिला गियर टाकला, क्लच सोडला आणि गाडी सरळ मागं, शेडच्या पत्र्यावर. धडाम्!

त्यानं दुसरा टाकला. तरी मागंच. तिसरा. मागं. मग हळूच रिव्हर्स टाकला. गाडी पुढं सरकली.

मिस्त्री उतरला. गाडीभोवती एक फेरी. दुसरी. दुसऱ्या फेरीत त्याला कळलं असावं की क्राऊन उलटं बसलंय आणि म्हणून चाकं उलटी फिरतायत, कारण त्यानं खाली पडलेलं नवं कोरं पत्रक उचललं आणि उलटसुलट करून पाहिलं.

"कागद कुणी हलवला?"

सगळी माणसं बघत होती. वस्तीवरची चार पोरंही आली होती, मला मोठा समजणारी. मी म्हणालो, "शेळीनं."

शेळी पलीकडं वाळका पाला हुंगत होती. शाफ्ट खाल्लेलं जनावर ते. तिच्यावर कोण विश्वास ठेवणार? मिस्त्री तिच्याकडं बघत राहिला, मग माझ्याकडं. "बांधा तिला," म्हणाला. मावशींनी मुकाट्यानं तिला आखूड दोरीनं खांबाला बांधलं.

"उघडून नीट करा ना!" मी म्हणालो.

"नवं बेरिंग ठोकून बसवलंय. निघंल ते मोडूनच निघंल. लातुरात शेवटचं होतं." त्यानं सूर्याकडं पाहिलं. "चढा वर. एक गियर पुढं, चार मागं. तुमच्या मोर्च्यावानी. पण चालती तर खरी."

आणि तो गाडी उलटी घेऊन निघाला. विहीर तीन कोस.

पुढच्या एका गियरात गाडी माणसाच्या चालीनं गेली असती आणि बारा वाजून गेले असते. म्हणून मागं नेणाऱ्या चारांपैकी तिसरा. पिंपांमुळं मागचं काही दिसेना, तेव्हा मिस्त्री उजव्या खिडकीतून छातीपर्यंत बाहेर, मान पाठीकडं वळवलेली, एक हात चाकावर. मी पिंपांच्या टोकाला उभा राहून ओरडायचं. "डावीकडं! डावीकडं!" आणि गाडी उजवीकडं, कारण माझं डावं हे त्याचं कोणतं, हे दोघांनाही मैलभर कळलं नाही. बैलगाडीवाले उतरून उभे राहिले. एका पाराजवळ म्हाताऱ्यानं विचारलं, "येऊन राहिलाव का जाऊन?" मिस्त्री ओरडला, "पाणी घेऊन आलो की सांगतो!" वाटेत एका फौजदारानं अडवलं. मिस्त्री म्हणाला, "साहेब, आपण तर सरळच चाललो. गाडी उलटी हाय." फौजदारानं सहा पिंपं पाहिली, मिस्त्रीची मान पाहिली आणि हातानं जा म्हणाला.

बाराला काही मिनिटं कमी असताना आम्ही विहिरीवर पोचलो. चिठ्ठीवर सही झाली.

भरलेली गाडी वस्तीच्या चढाला आली, तेव्हा उलटी चढेना. मिस्त्रीनं ती वळवली आणि तो एकुलता एक पुढचा गियर टाकला. त्या गियरात वेग नाही, पण ताकद सगळ्यांत जास्त. गोल नाक पुढं करून, म्हाताऱ्या बैलासारखी गाडी चढ चढली. बाया धावत आल्या. आईनं घागर कुठं धरायची म्हणून वर बघितलं, सवयीनं, कुणी ओतणारा आहे का. मिस्त्रीनं तोटी दाखवली. "फिरवा, माय." आईनं स्वतःच्या हातानं तोटी फिरवली.

मी दुसऱ्या दिवसापासून लातूर, नांदेड, हैदराबादला चिठ्ठ्या धाडल्या. बेरिंग आलं नाही. गाडी उघडायची तर एक खेप बुडणार आणि पाळी जाणार. त्यामुळं अख्खा उन्हाळा ती गाडी उलटी धावली. रोज तीन कोस जायचं, मिस्त्री खिडकीबाहेर, मान मागं. पोरं मैलावरून ओळखायची, वस्तीची गाडी आली. मध्ये आठ दिवस गावचा टँकर बंद पडला, तेव्हा गावच्या बायाही आमच्या तोटीपाशी आल्या. मला तेव्हा बरंच काही बोलायचं होतं. मिस्त्री म्हणाला, "पुढारी, तोटीपाशी भाषण न्हाई. रांग."

जेठ संपेपर्यंत त्याची मान उजवीकडंच वळून राहिली. चालतानाही. समोरच्याशी बोलायचं तर सगळं अंग वळवून बोलायचा. मावशी गरम विटेनं शेकायच्या. मी शेडमध्ये गेलो की पहिली दिसायची ती मान आणि दुसरी ती शेळी, खांबाला आखूड दोरीनं बांधलेली. तिला पाला आणायला मावशी दोन मैल चालायच्या. त्या शेळीची बाजू कुणी ऐकून घेतली नव्हती. ना पंचनामा, ना सुनावणी. अशा गोष्टींवर मी पत्रक काढायचो.

एकदा मिस्त्रीला म्हणालो, "सोडा की तिला आता."

"कागद हलवती ती," तो म्हणाला. माझ्याकडं अंग न वळवता.

पाऊस झाला, वस्तीच्या खालच्या आडाला पाणी आलं आणि त्याच आठवड्यात हैदराबादहून बेरिंग आलं. मिस्त्रीनं गाडी जॅकवर घेतली. मी पाने द्यायला बसलो, म्हणजे उभा राहिलो. क्राऊन बाहेर आलं. त्यानं शेडच्या कपाटातून एक घडी केलेला कागद काढला, जमिनीवर पसरला. त्या सोमवारचं पत्रक. मधोमध क्राऊनचा तेलकट गोल होता आणि एका कडेला तेलाचा एक अंगठा उमटला होता. मिस्त्रीची बोटं जाड. तो अंगठा बारीक, लेखणीवाल्याचा.

त्यानं मथळ्यावर बोट ठेवलं आणि नेहमीसारखी अक्षरं जुळवली. "ज-बा-ब-दा-र... को-ण."

मग सगळं अंग माझ्याकडं वळवून उभा राहिला. चालला नाही. मी त्याला इतका वेळ एका जागी उभा असलेला त्यापूर्वी पाहिला नव्हता.

"मी," मी म्हणालो.

"हां," मिस्त्री म्हणाला. मथळा इंजिनाकडं केला, क्राऊन त्यावर ठेवलं आणि गाडीखाली सरकता सरकता म्हणाला, "मग पाना ऱ्हाऊ द्या. आधी शेळी सोडा."